आकड्याचे दोन अर्थ : मुंबई बंदर आणि भार उचलण्याच्या सुरक्षिततेचा इतिहास

प्रास्ताविक

मराठीत ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. एक म्हणजे अंक, संख्या. दुसरा म्हणजे ज्याला ओझे अडकवतात तो वाकवलेला लोखंडी गळ. यारीच्या टोकाला लोंबणाऱ्या आकड्यावर ‘५ टन’ असा आकडा कोरलेला असतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच जागी येतात. परंतु लोखंडी आकडा जितका जुना आहे तितका त्यावरील अंक जुना नाही. हा अंक केव्हा आला, कोणी आणला, आणि ज्यांच्या डोक्यावरून ते ओझे जाते त्या श्रमिकांपर्यंत त्याचा अर्थ कितपत पोहोचला, या प्रश्नांचा शोध मुंबई बंदराच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

औद्योगिक इतिहासाच्या आपल्याकडील लेखनात गिरणी, संप, संघटना आणि वेतन यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. साखळी, दोर आणि कप्पी यांना मात्र ते मिळालेले नाही. ही साधने यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जातात आणि त्यांचे अपघात वृत्तपत्राच्या कोपऱ्यात. वस्तुतः कोणते साधन कोणत्या ओझ्यासाठी निवडायचे, हा निर्णय तांत्रिक असतो तितकाच सामाजिकही असतो. तो कोण घेतो आणि त्याला नकार कोण देऊ शकतो, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

साखळी आणि तारदोर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जड ओझे उचलण्याची दोनच मुख्य साधने होती : तागाचा किंवा अंबाडीसारख्या धाग्यांचा दोर आणि घडीव लोखंडाची साखळी. दोराची परीक्षा अनुभवी हात करीत. पीळ उलगडून आतले धागे पाहायचे, आत भुकटी झाली असेल किंवा कुजका वास येत असेल तर दोर बाद करायचा. साखळी दिसायला भक्कम. पण तिचा एक दुर्गुण असा की ती पूर्वसूचना देत नाही. शंभर कड्यांपैकी नव्व्याण्णव निर्दोष असल्या आणि एकीचा सांधा कच्चा असला, तर ओझे त्या एकीच्या बळावरच लोंबत असते.

जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतातील क्लाउस्थाल येथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी या दोषाचा पद्धतशीर विचार केला. खाणीतील साखळ्या एकदा उचललेल्या भाराने तुटत नाहीत, पण तोच भार हजारो वेळा उचलल्यावर तुटतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. धातूच्या ‘थकव्या’चा हा आरंभीचा अभ्यास मानला जातो. १८३४ मध्ये त्यांनी कॅरोलिन खाणीत तारेचा दोर वापरात आणला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांचा एक पदर, आणि अशा तीन पदरांचा पीळ. एकूण बारा तारा. त्यांतली एक तुटली तरी उरलेल्या अकरा भार पेलतात, आणि तुटलेल्या तारेचे टोक बाहेर येऊन डोळ्यांना दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते आल्बर्ट यांचे खरे योगदान दोराच्या बळाइतकेच या दिसण्यात आहे. साधन निकामी होण्यापूर्वी माणसाला कळले पाहिजे, हा विचार येथे प्रथमच साधनाच्या रचनेत उतरला. पुढे ब्रिटिश गोदी-नियमांत त्याला मोजमापाचे रूप मिळाले : दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत तुटलेल्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून अधिक दिसल्या तर तो दोर वापरू नये.

साखळी मात्र वापरातून गेली नाही. घडीव लोखंड सततच्या धक्क्यांनी ठिसूळ होते. ते तापवून हळूहळू थंड केले की पुन्हा चिवट होते, हे लोहारांना ठाऊक होते. हे ज्ञान ब्रिटनच्या १९३७ च्या कारखाना कायद्यात अक्षरशः कलमबद्ध झाले : उचलण्याच्या साखळ्या सर्वसाधारणपणे दर चौदा महिन्यांनी, आणि अर्धा इंच किंवा त्याहून बारीक सळईच्या साखळ्या दर सहा महिन्यांनी, अशा रीतीने तापवून घेतल्या पाहिजेत. नंतर मिश्रधातूच्या पोलादाच्या साखळ्या आल्या. त्यांचे बळ कारखान्यातील उष्णता-प्रक्रियेतून आलेले असते. जुन्या नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा तापवले तर तेच बळ नष्ट होते. ज्या उपायाने वडिलांच्या पिढीतील साखळी वाचत असे, त्याच उपायाने मुलाच्या हातातली साखळी मरते. म्हणूनच साखळी कोणत्या धातूची, कोणत्या प्रतीची, हे तिच्यावर कोरलेले असणे आणि ते वाचता येणे यांला सुरक्षिततेच्या दृष्टीने असाधारण महत्त्व आहे.

मुंबईच्या गोदीत

मुंबई बंदर विश्वस्त मंडळ १८७३ मध्ये स्थापन झाले. ससून गोदी १८७५ ची. प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये सुरू झाली. त्यानंतर व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८४६ मध्ये न्यूकॅसल येथे पाण्याच्या दाबावर चालणारी यारी उभी केली होती. त्याच तत्त्वाच्या याऱ्या प्रिन्सेस गोदीत आल्या. म्हणजे यंत्राच्या बाबतीत मुंबई इंग्लंडहून फारशी मागे नव्हती. मागे राहिला तो त्या यंत्राखाली उभ्या असलेल्या माणसाच्या संरक्षणाचा कायदा.

१८८१ चा पहिला भारतीय कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. गोदीतील मालाची चढउतार त्याच्या व्याख्येत बसत नव्हती. १९२३ च्या भरपाई कायद्याने अपघातग्रस्ताला किंवा त्याच्या वारसांना पैसे मिळण्याचे तत्त्व मान्य केले. पण भरपाई ही ओझे पडल्यानंतरची गोष्ट आहे.

या काळातील गोदीचे काम कसे चाले हे पाहिले म्हणजे निवडीचा प्रश्न स्पष्ट होतो. जहाजावरील काम स्टीव्हडोरकडे आणि धक्क्यावरील मजूर पुरवण्याचे काम टोळीवाल्याकडे असे. टोळीचा प्रमुख मुकादम. कोणती साखळी घ्यायची, दोराचा फास कसा टाकायचा, एका खेपेत किती नग बांधायचे, हे तो नजरेने ठरवी. निर्यातीच्या मालात ही नजर बहुधा चुकत नसे. रुईची मुंबई गासडी ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची. गासड्या मोजल्या की वजन कळले. आयातीचा माल तसा नव्हता. गिरण्यांची यंत्रे, बाष्पपात्रे, रेल्वेचे सुटे भाग लाकडी पेट्यांत बंद होऊन येत, आणि दोन सारख्या आकाराच्या पेट्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शके. येथे मुकादमाची नजर निरुपयोगी होती. यारीवर क्षमतेचा अंक असला तरी पेटीवर वजनाचा अंक नसेल तर त्या पहिल्या अंकाचा उपयोग काय?

हा दुसरा अंक मिळवण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२९ मध्ये एक स्वतंत्र करार संमत केला. जहाजाने पाठवल्या जाणाऱ्या एक हजार किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या नगावर त्याचे एकूण वजन ठळकपणे लिहिलेले असावे, एवढाच त्याचा आशय. भारताने तो १९३१ मध्ये मान्य केला. त्यासाठीचा भारतीय कायदा मात्र १९५१ मध्ये झाला.

चौदा वर्षे

गोदी कामगारांच्या अपघात-संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९२९ मध्ये झाला आणि १९३२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती संमत झाली. याऱ्या, विंच, साखळ्या आणि आकडे यांची वापरापूर्वी चाचणी, ठरावीक काळाने तपासणी, सुरक्षित कार्यभाराची खूण आणि या सर्वांचे दाखले, अशी त्याची चौकट होती. या कराराची एक बाजू व्यापारी होती. एका देशात तपासलेल्या जहाजी साधनाचा दाखला दुसऱ्या देशाच्या बंदरात मान्य व्हावा, ही जहाजमालकांची सोय त्यात होती. मजुराचे रक्षण आणि जहाजाचा वेळ या दोन्ही गोष्टी एकाच दाखल्यावर आल्या, आणि बहुधा त्यामुळेच तो करार झाला असे म्हणण्यास जागा आहे.

व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय श्रमविषयक शाही आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. या आयोगाचे एक सदस्य ना. म. जोशी होते. मुंबईच्या कामगार चळवळीतील हा कार्यकर्ता १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेपासून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेशी परिचित होता. गोदीतील सुरक्षिततेचा कायदा करण्याचा विषय या काळात ऐरणीवर आला आणि १९३४ मध्ये भारतीय गोदी कामगार कायदा संमत झाला. प्रत्यक्षात तो अंमलात आला १९४८ मध्ये. त्याखालील नियमही १९४८ चेच. मधली चौदा वर्षे कायदा पुस्तकात होता आणि साखळी गोदीत होती. या चौदा वर्षांत दुसरे महायुद्ध आले, मुंबई बंदरावरील मालाचा ताण कमालीचा वाढला. तरी साधनांची सक्तीची तपासणी सुरू झाली नाही. या विलंबाला प्रशासकीय अडचण म्हणणे हे फार सौम्य वर्णन होईल. कायदा करणारे सरकार आणि तो लांबणीवर टाकणारे सरकार एकच होते.

या कालखंडाच्या अखेरीस संस्थात्मक पाया मात्र घातला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, कारखान्यांच्या प्रमुख सल्लागाराचे कार्यालय निर्माण झाले. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था असलेली आजची यंत्रणा त्यातूनच वाढली.

कलम २९ आणि त्यातील शब्द

१९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २९ हे उचलयंत्रे, साखळ्या, दोर व उचलण्याची उपसाधने यांविषयीचे होते. त्याचा साचा १९३७ च्या ब्रिटिश कायद्याचा. उचलयंत्राच्या व्याख्येत क्रेन, क्रॅब, विंच, कप्पी यांच्या जोडीला ‘टीगल’ असा एक शब्द आहे. हा उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांच्या बोलीतला, माल वर घेण्याच्या साध्या यंत्राचा शब्द. भारतीय निरीक्षकांच्या किती पिढ्यांनी तो न अडखळता वाचला असेल, हा प्रश्न मनोरंजक आहे. लँकेशायरच्या गिरणी-मजुराची बोली भारतीय कायद्यात आली; मुंबईच्या खलाशाची आली नाही.

खलाशांची बोली समृद्ध होती. ओझे वर घ्यायचे असेल तर ‘हाबेस’, खाली सोडायचे असेल तर ‘आरिया’. यांपैकी ‘आरिया’ हा पोर्तुगीज ‘आर्रिआर’ या क्रियापदावरून आलेला. थॉमस रोबक यांनी १८११ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केलेल्या नौकानयनविषयक कोशात या लष्करी, म्हणजे जहाजी लस्करांच्या बोलीची नोंद आहे. गोदीतून हे शब्द कारखान्यांत आणि बांधकामावर गेले, आणि जड सामान उचलणाऱ्या कुशल मजुराला ‘खलाशी’ हेच नाव राहिले. १९८८ मध्ये केरळातील पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात पडले, तेव्हा ते काढण्याच्या कामी मलबारच्या मापिळा खलाशांची मदत घ्यावी लागली होती. दोर, कप्पी आणि हाताने फिरवायचे चाक एवढेच त्यांचे परंपरागत साहित्य.

कलम २९ चा आशय थोडक्यात असा. प्रत्येक साधन चांगल्या बांधणीचे, निर्दोष व पुरेशा बळाचे असावे. बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीने त्याची कसून तपासणी करावी. सुरक्षित कार्यभार व ओळखखूण त्यावर स्पष्ट असावी. आणि चाचणीखेरीज त्याहून अधिक भार घालू नये. ज्या साधनावर खूण करणे शक्य नसेल त्याच्यासाठी भारांचा तक्ता कारखान्यात ठळक जागी लावावा. ही ‘सक्षम व्यक्ती’ म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात यायला १९८७ ची दुरुस्ती यावी लागली. भोपाळच्या दुर्घटनेनंतरची ही दुरुस्ती. तिने मुख्य निरीक्षकाची मान्यता आवश्यक केली. त्यापूर्वीची जवळजवळ चाळीस वर्षे दाखल्यावरील सहीचे वजन सही करणाऱ्यावर अवलंबून होते.

भिंतीवरच्या त्या तक्त्यात काय असते, ते येथे सांगणे आवश्यक आहे. कारण साधनाच्या निवडीचा गाभा त्यातच आहे. दोन टनांचे ओझे दोन पायांच्या स्लिंगने उचलायचे आहे असे समजू. दोन्ही पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर एक टन ताण येतो. त्यांच्यातील कोन ६० अंशांचा झाला की तो सुमारे १.१५ टन होतो. ९० अंशांना १.४१ टन, १२० अंशांना प्रत्येक पायावर पूर्ण दोन टन, आणि १५० अंशांना जवळजवळ पावणेचार टनांहून अधिक. ओझे तेच, साखळी तीच. बदलला तो फक्त कोन. स्लिंग आखूड पडली म्हणून ती ताणून बसवणे ही कामाच्या जागी नित्याची गोष्ट आहे, आणि साखळीवर कोरलेला अंक तिथे कोणतेही संरक्षण देत नाही. हे गणित मुकादमाला ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. ‘फाकवून बांधू नको’ हे जुने खलाशी सांगतच. परंतु हाताशी लांब स्लिंग नसेल आणि जहाज त्याच दिवशी सुटायचे असेल, तर जाणकाराच्या त्या वाक्याला कामावर किती किंमत असते, हे कायद्याच्या कलमात दिसत नाही.

हेच कलम २९ चे वैशिष्ट्य आणि हीच त्याची मर्यादा. साधनाची अवस्था त्याने नीट बांधून घेतली. साधनाची निवड मात्र त्या क्षणी तिथे असलेल्या माणसावर सोडली. आणि तो माणूस बहुधा कंत्राटदाराचा असे. १९८६ च्या गोदी कामगार सुरक्षितता, आरोग्य व कल्याण कायद्याने १९३४ चा कायदा मागे टाकला, आणि १९९० च्या विनियमांत तपशील पुष्कळ वाढला. परंतु या मूळ रचनेत फरक पडला नाही.

पेटीचे वजन पुन्हा

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरने मुंबई परिसरातील मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. साखळी-दोरांच्या जागी कंटेनरचे चारही कोपरे पकडणारी चौकट आली. जादा भार आला की थांबणारी यंत्रे आली. मुकादमाची नजर निवृत्त झाली असे वाटले. तरीही बंद पेटीतील वजनाचा १९२९ मधील प्रश्न सुटला नव्हता. कागदावरील वजन एक आणि प्रत्यक्षातील दुसरे, हे चालूच होते. अखेर १ जुलै २०१६ पासून समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवण्यास मनाई झाली. पहिल्या करारापासून सत्त्याऐंशी वर्षे झाली होती.

गोदीत प्रश्न असा आटोक्यात येत असताना तो बांधकामाच्या जागी सरकला. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणम येथील हिंदुस्थान शिपयार्डमध्ये एका मोठ्या यारीची चाचणी चालू असताना ती कोसळून अकरा जण मृत्युमुखी पडले. ‘चाचणीखेरीज’ या कायद्यातील दोन-तीन अक्षरी अपवादाकडे या घटनेनंतर वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. जुन्या गोदी-नियमांप्रमाणे वीस टनांपर्यंतच्या यारीची चाचणी पंचवीस टक्के जादा भाराने होत असे, वीस ते पन्नास टनांपर्यंत पाच टन जादा, आणि त्यापुढे दहा टक्के. म्हणजे चाचणी हा कायद्यानेच सांगितलेला जादा भार आहे, आणि त्या वेळी यारीजवळ कोणी असावे व कोणी नसावे, हा प्रश्न भाराच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तीन वर्षांनी, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळया बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये अनेक परप्रांतांतून आलेले कामगार होते.

१९४८, १९८६ आणि १९९६ (बांधकाम कामगार) हे तिन्ही कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्या कलम १४ अन्वये गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा संभव वाटल्यास ती गोष्ट मालकाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे. पूर्वीच्या कारखाना कायद्यात असा इशारा देण्याची तरतूद धोकादायक प्रक्रियांपुरती होती. त्या मानाने हे पाऊल पुढचे आहे. तथापि ‘निदर्शनास आणणे’ आणि ‘हात वर करून यारी थांबवणे’ यांत अंतर आहे. ओझे हवेत असताना ते अंतर काही सेकंदांचे असते. निरीक्षकाकडे जाणाऱ्या अर्जाचा तेथे उपयोग नाही. स्लिंग फाकलेली दिसताच ‘आरिया’ म्हणण्याची मुभा कंत्राटी खलाशाला आहे की नाही, आणि त्या दिवशीची खेप कमी भरली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतले जाते की नाही, यावर सारे ठरते.

सूचना कोणत्या भाषेत लावाव्यात यासंबंधी १९४८ च्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये तरतूद होती : इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत. एका गावच्या, एका जातीच्या टोळ्या जेव्हा एकाच धक्क्यावर राबत, तेव्हा ही तरतूद पुरेशी असेलही. पाच राज्यांतून आलेल्या वीस-पंचवीस जणांच्या तुकडीत बहुसंख्यांची भाषा ही कल्पनाच लागू पडत नाही. भाराचा तक्ता मराठीत लावला तरी तो काहींनाच वाचता येतो. त्या तुकडीत सर्वांना समजणारे शब्द असतात ते दोनच, आणि ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसतात.